जिचं काडतूस मिळत नाही ती रायफल

११ जून, मंगळवार

ऑफिसातून आले तर ओसरीत पोलीस थान्याचा शिपाई. पाणी मागितलं, दिलं. अर्धा ग्लास पिऊन म्हणाला, "मैडम, साहब का चाल-चलन ठीक है ना? बंदूक का लायसन्स माँगा है."

ह्यांनी फेब्रुवारीतच अर्ज टाकलाय म्हणे. मला पत्ता नाही. कारण लिहिलंय, आत्मरक्षा. चोवीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने शेजाऱ्याशी नळावरून कधी भांडण केलं नाही, आणि आता आत्मरक्षा!

शिपाई गेल्यावर विचारलं.

"धमक्या येऊन राहिल्या."

"कोणाच्या?"

"येऊन राहिल्या ना."

फोन तर घरात मीच उचलते. शिपायाला सांगून टाकलं होतं, चाल-चलन उत्तम. ते खरंच आहे.

१३ जून

डिसेंबरपासून इथे ते लिहायचं टाळत आले. आज लिहूनच टाकते.

हे उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टचे फोरमन. त्यांच्या हाताखाली भुनेश्वर नावाचा पोरगा सांडशीवर होता. लाल सळई सांडशीने धरायची आणि पुढच्या रोलमध्ये द्यायची, दिवसभर तेच. त्या दिवशी तो सांगायला आला, साहेब, सळईला रोलमध्ये सरळ धरणारं गाईड हलतंय. हे म्हणाले, "चलने दो, शिफ्ट पूरी करो." अर्ध्या तासात सळई उसळली. पुढचं मला ह्यांनी सांगितलं नाही, दुसऱ्या फोरमनच्या बायकोने सांगितलं. ते मी लिहिणार नाही.

मालकाने कागद मिटवले. चौकशीत ह्यांचं नावसुद्धा आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. काय ती शिक्षा भोगून मोकळे झाले असते. तेव्हापासून कामावर गेले नाहीत. मिलमधून दोनदा गाडी आली, दोन्ही वेळा हे न्हाणीघरात जाऊन बसले.

जेवतात. विचारलं तर बोलतात. आणि मध्येच, भिंतीकडे बघून, हळू आवाजात, "चलने दो."

२३ जून, रविवार

सकाळी देव घासले. चिंच संपली होती, लिंबावर भागवलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, घंटा, मामाजींचा चपट्या नाकाचा वाघोबा. वाघोबाच्या बुडाच्या कडेत काळं साचतं, ते काडीने काढावं लागतं. सासऱ्यांची आठवण एवढीच, तीही कामाला लावणारी.

दुपारी ह्यांनी मला बोलावून फायली दाखवल्या. विमा ह्या फायलीत, पी.एफ. त्या फायलीत, नॉमिनी तू. लेकीची, रेवीची, सर्टिफिकेटं वेगळ्या पाकिटात, वर तिचं नाव मोठ्या अक्षरात. अक्षर अगदी सुंदर काढलंय.

"हे आत्ता काहून दाखवून राहिले?"

"माहीत असलेलं बरं."

मला कळलं. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या मला नाकारता येणार नाही. ह्यांना बंदूक दुसऱ्या कोणासाठी नको आहे.

२ जुलै

डॉक्टरांकडे नेलं. झोप येत नाही एवढंच सांगू दिलं ह्यांनी. गोळ्या मिळाल्या. त्या मी ऑफिसात टेबलाच्या खणात ठेवल्यात, रोज एक घरी आणते. डॉक्टरांना पुन्हा एकटी जाऊन सगळं सांगितलं. म्हणाले, नागपूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, घरात कोणीतरी सतत सोबत हवं. हे नागपूर म्हटलं की उठून जातात.

आज हरकतीचा अर्ज लिहिला. "माझे पती यांची मनःस्थिती ठीक नसल्याने त्यांस शस्त्र परवाना देऊ नये." तीनदा लिहिला. तीनदा फाडला. दुसऱ्यांची पत्रं जावक रजिस्टरात चढवण्यात माझी नोकरी गेली. मला पक्कं ठाऊक आहे, असा कागद किती हात फिरतो आणि प्रत्येक हात चहा पिताना काय बोलतो. छत्तीसगढ़ वेगळं होऊन आमचं गाव नवीन राजधानी झालं तरी माणसं तीच. आमचं मंत्रालय जुन्या हॉस्पिटलात भरतं, अजून फिनेलचा वास येतो, आणि बातमी मात्र एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात पाच मिनिटांत.

लाज वाटली म्हणून फाडला. हेही खरं लिहिते.

८ जुलै, सोमवार

पण दुसरंही एक आहे. सोमवारी हे उठतात. दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात, कलेक्टोरेटला जाऊन शस्त्र शाखेच्या बाबूला फाइल कुठवर आली ते विचारतात. आठवड्यातला हा एकच दिवस माणसासारखा. इतर सहा दिवस पुढच्या सोमवारसाठी काढतात.

तो अर्ज त्यांना जगवतोय. तो मारला तर पुढच्या सोमवारी हे कशासाठी उठतील?

१५ जुलै, सोमवार

आज मीही रजा टाकून बरोबर गेले. बाबू म्हणाला, रिपोर्ट चांगला आहे, आता बोर, म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप, लिहून द्या. परवान्यावर जो बोर लिहिला जाईल त्याचीच बंदूक आणि त्याचीच काडतुसं मिळतात, नंतर बदलायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं.

तिथून सदर बाजार, बंदुकांचं दुकान. मामाजी जंगल खात्यात रेंजर होते. ते गेले तेव्हापासून त्यांची रायफल इथे जमा आहे. दुकानदार म्हातारे सेठजी, बोलायची हौस फार. मलमलीच्या फडक्यातून काढून काउंटरवर ठेवली. "पिताजी की अमानत. छह साल से तेल पिला रहा हूँ."

जुनी अमेरिकन, लिव्हरवाली. घोड्याभोवती लोखंडी कडी असते, ती खाली ओढून वर दाबायची, की पुढचं काडतूस पोटातून वर येतं. सेठजींनी करून दाखवलं, खट्-खटाक. तो आवाज ऐकून ह्यांचा चेहरा बदलला. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. मला त्या लोखंडाचा हेवा वाटला, आणि लगेच भीती.

सेठजींनी तीन मांडल्या. एक, आपली सरकारी कारखान्याची तीनशे पंधरा बोर. साधी, मजबूत, काडतुसं कुठल्याही दुकानात. दोन, दुसरी एक लिव्हरवाली, चव्वेचाळीस-चाळीस, कुठल्याशा जमीनदाराच्या घरची, सोबत जुन्या काडतुसांचा अर्धा डबा. तीन, मामाजींची, तीस-तीस.

"मगर भाभीजी, सच बोलूँगा. तीस-तीस का राउंड पूरे छत्तीसगढ़ में नहीं है. बाहर से आना कब का बंद. ये तो दीवार की शोभा है."

"दुसरं एखादं चालत नाही का त्यात?" मी विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवला.

त्यांना तेच हवं होतं. चव्वेचाळीसच्या डब्यातलं एक काडतूस काढून समजावलं. ह्या जातीत काडतुसं पोटातल्या नळीत एकामागे एक आडवी बसतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं नाक. नाक टोकदार असलं तर धक्क्याने पुढचं नळीतच फुटायचं. म्हणून नाक चपटं. म्हणून ह्यात दुसरं काही घालायचं नाही, जिचं तिलाच. तीस-तीसचंही अस्संच चपटं.

मी म्हटलं, "मामाजींचीच घेऊ."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले कव्हापासून बाबांचं एवढं प्रेम?"

मामाजींनी मला पोळ्या जाड होतात म्हणून अठरा वर्षं ऐकवलं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. तरी मी म्हटलं, "घरची निशाणी आहे. दुसऱ्याची काहून आणायची? दाराशी उभी दिसली की धमक्या देणारे तसेच पळतात, चालवायची थोडीच आहे?" सेठजी हात जोडून मान हलवत होते, अशी गिऱ्हाइकं रोज कुठे येतात. ह्यांनी ती कडी एकदा खाली ओढून वर दाबली. मग म्हणाले, "हव. तीस-तीसच लिहू."

किती पटकन कबूल झाले! घरी येताना रिक्षात मला हसू येत होतं, मी तोंडावर पदर धरला. अख्ख्या राज्यात जिचं काडतूस नाही ती बंदूक मी माझ्या नवऱ्यासाठी निवडली. परमेश्वरा, माझी एवढी लबाडी पदरात घे.

८ ऑगस्ट, हरेली

दारावर कोणीतरी कडुलिंबाची डहाळी खोचत होतं. बघते तर एक म्हातारा, गुडघ्यापर्यंत धोतर. मी म्हटलं पाऱ्यातला, आपल्या मोहल्ल्यातला कोणी असेल, हरेलीच्या सणाला दारोदार लावतात. विचारलं तर म्हणाला, भुनेश्वरचा बाप.

आत हे कॉटवर होते, त्यांना ऐकू गेलंच.

म्हातारा आत आला नाही. पायरीवर बसला, चहा घेतला. कप स्वतः धुऊन ठेवला. जाताना म्हणाला, "साहेब ल कहि देबे, दुख झन करय. लइका के उम्मर ओतकेच रिहिस." साहेबांना सांग, दुःख करू नका. लेकराचं आयुष्य तेवढंच होतं. ह्यासाठी हा माणूस दोन बस बदलून आला होता.

आत गेले तर हे भिंतीकडे तोंड करून. "त्यानं शिव्या द्यायले पायजे होत्या, सुलभा. त्यानं मले मारायले पायजे होतं."

मी पाठीवर हात ठेवला. हे रडत होते. मीही रडले. डहाळी काढली नाही.

१७ सप्टेंबर

विश्वकर्मा पूजा. मिलमधून बोलावणं, मशिनींची पूजा आहे, साहेबांनी नारळ फोडावा. दरवर्षी हेच फोडायचे. ह्या वर्षी निरोप्याला म्हणाले, "त्या रोलवर माझ्या हातचा नारळ नको." रेवी कॉलेजातून येऊन विचारते, "मम्मी, पापा ठीक तो हो जाएँगे ना?" पोरगी मराठी समजते सगळं, बोलायचं म्हटलं की हिंदी. मी म्हटलं, होतील. मला मराठीत खोटं बोलणं सोपं जातं.

पुन्हा नागपूरचा विषय काढला. म्हणाले, दसऱ्यानंतर जाऊ. पहिल्यांदा हो म्हणाले!

३० सप्टेंबर, सोमवार

परवाना मिळाला. फोटोत गालफडं बसलेली. बोर: तीस-तीस. मी स्वतः तीनदा वाचलं.

गोंदियाच्या नणंदेचा, कुंदाताईंचा फोन. मामाजींच्या वारस म्हणून रायफलीसाठी त्यांनी ना-हरकत दिली होती. "पितृपक्षात आणू नका हो वहिनी, घटाला आणा." बरं म्हटलं. आठवडाभर तेवढंच लांबलं.

७ ऑक्टोबर, घटस्थापना

रायफल घरात आली. सेठजींनी पुन्हा बजावलं, "राउंड मत ढूँढना साहब, नहीं मिलेगा." हे हसले. "आम्ही कुठी ढूँढणार?"

समोरच्या खोलीत कोपऱ्यात उभी केली. मी ऑफिसला जाताना तिच्याकडे एकदा बघून जाते. उपाशीच आहे बापडी.

११ ऑक्टोबर

चार दिवस चांगले गेले. हे रोज तिला पुसतात. वरण-भात दोनदा मागून घेतात. काल कुंदाताईंना आपणहून फोन केला, लहानपणीच्या गोष्टी काढून हसले. मी भाजी निवडता निवडता ऐकत होते.

ऑफिसात खण उघडला तर गोळ्यांचं पान तसंच. चार दिवस मी न्यायलाच विसरले आणि ह्यांनी मागितलीही नाही. असं वाटतंय की आपण जिंकत आलो. लिहायला भीती वाटते, पण वाटतंय.

१४ ऑक्टोबर, नवमी

सुट्टी. फराळाचं करत होते तर हे स्वयंपाकघरात. "ह्या वर्षी देव मी घासतो."

चोवीस वर्षांत नाही ते! मी म्हटलं, चिंच लागते, राख चालत नाही. म्हणाले, "माहीत आहे. बाबा घासायचे, तव्हा मीच पाणी टाकत होतो." मागच्या अंगणात पाटावर बसून तासभर घासत होते. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजेत देवही पाटावर मांडतात, म्हणून देव ताटात ठेवून वरून फडकं झाकलं. मी फडक्याचा कोपरा उचलून पाहिलं, बाळकृष्ण लखलखत होता. शाबासकी दिली. लाजले.

संध्याकाळी रेवीला म्हणाले, तुझं अक्षर सुधार, माझ्यासारखं काढ. ती स्वयंपाकघरात येऊन म्हणते, "पापा आज इतने अच्छे मूड में क्यों हैं?" मी म्हटलं, सण आहे.

१५ ऑक्टोबर, दसरा

सकाळी आठला पाट मांडला. रायफल आडवी ठेवली, तिला हळद-कुंकू लावलं. मग देव. माझा हात आपोआप चालतो, डोळे लागत नाहीत. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, घंटा. पुढे कुंकवाचं बोट नुसत्या ताटाला लागलं.

वाघोबा नव्हता.

ताट उचलून पाहिलं, फडकं झटकलं. आणि मग आठवलं. चपटं नाक. बुडाची कडा. शिकार बंद झाली त्या वर्षी मामाजींनी बंदूक खाली ठेवली आणि उरलेलं शेवटचं काडतूस देवघरात बसवलं, आता हा आमचा वाघोबा म्हणून. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. ऐकलं आणि विसरले. चोवीस वर्षं मी त्याला चिंचेने घासलं, गंध लावलं, नैवेद्य दाखवला. देवाला कोणी बोर विचारतो का? सेठजींनी चपटं नाक बोटावर धरून दाखवलं तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. अख्ख्या राज्यात नाही म्हणून हसले मी, आणि घरात रोज त्याच्यापुढे दिवा लावत होते.

हे आतल्या खोलीत खुर्चीवर बसले होते. आंघोळ झालेली, नवा कुर्ता.

"वाघोबा कुठी आहे?"

त्यांनी सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "काडतूस भेटत नाही म्हणूनच म्हटलं होतं ना तू, बाबांची निशाणी?"

झटकलेलं फडकं अजून माझ्या हातात होतं.

"मले दुकानातच समजलं होतं. मी हो म्हटलं ते काहून म्हटलं, तुले नाही समजलं." आवाज शांत. रागाचा असता तर मी उलटून बोलले असते. "एक आहे ना घरी. एक पुरे."

"द्या इकडे."

कुर्त्याच्या खिशावर त्यांचा हात होता. खिसा थोडा लोंबत होता.

"अजून बार निघते की नाही, त्याचाच भरोसा नाही, सुलभा. तीस वर्ष झाले. तू तर दर महिन्याले आंघोळ घातली त्याले." आणि हसले. मग हसता हसता चेहरा वाकडा झाला. "काल घासता घासता वाटलं, देऊन टाकावं तुले. मग वाटलं नाही. रात्रभर तेच चालू आहे. द्यावं की नको."

रेवीला हाक मारली. घरचा फोन राहू दे, शेजारी जा, तिथून डॉक्टरांना फोन लाव, उचलेपर्यंत लावत राहा, म्हणावं आत्ता या. पोरीने माझं तोंड पाहिलं आणि काही विचारलं नाही, चपला न घालता पळाली. मी पाटावरची रायफल उचलली. कुंकू साडीला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा हातात धरली, इतकी जड असेल वाटलं नव्हतं. ती मांडीवर घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

साडेनऊ. रेवी खिडकीतून सांगून गेली, फोन कोणी उचलत नाही, आज दसरा, ती स्वतः घरी जाते त्यांच्या. जा म्हटलं.

पावणेदहा. ही वही हाताशी होती म्हणून लिहिते आहे. लिहिलं नाही तर ओरडेन, आणि मला ओरडायचं नाही. मी त्यांना सांगितलं, हरकतीचा अर्ज मी तीनदा लिहिला होता, लाजेने फाडला. ते म्हणाले, "मी पण तर लाजेनंच बोललो नाही." मी म्हटलं, उद्या सकाळची गाडी आहे नागपूरची. उद्याच जाऊ. कोणाला काय बोलायचं ते बोलू दे. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

ह्यांच्या मुठीत काहीतरी आहे. खिशातून मूठ बाहेर आली आहे, उघडलेली नाही.

उजव्या हाताने लिहिते आहे. डावा मघापासून त्यांच्यापुढे पसरलेला आहे. त्याला मुंग्या आल्यात. तो मी मागे घेणार नाही.